तळ्याबाहेरचे पाणी

मत्स्यशेतीवर मराठीत बरेच छापून येते. वर्तमानपत्रांच्या शेतीच्या पानांवर अधूनमधून एखादी यशोगाथा असतेच. पडीक चोपण जमिनीत तळे खोदले, बाहेरून बोटुकली आणून सोडली, अमुक महिन्यांनी तमुक टन माल निघाला, खर्च वजा जाता हातात एवढे उरले. सोबत दोन्ही हातांवर भलामोठा कटला तोलून धरलेल्या शेतकऱ्याचा फोटो. या कथा खऱ्या असतात आणि त्या छापल्याच पाहिजेत. कोरडवाहू गावात पाण्यातून पीक काढणाऱ्या माणसाचे कौतुक कमीच होते. तरीही या मजकुरात एक ओळ क्वचितच सापडते. माल काढल्यावर तळ्यातले पाणी कुठे सोडले, आणि ते जिथे गेले तिथे कोण राहते, ही ती ओळ. या पुस्तकातली सगळी प्रकरणे तिच्या शोधात लिहिली आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार 2022 साली जगात पाळून वाढवलेल्या जलचरांचे उत्पादन 9 कोटी 44 लाख टनांवर गेले. समुद्रातून आणि नद्यांतून पकडलेली मासळी 9 कोटी 10 लाख टनांच्या आसपास राहिली. माणसाने पाळलेल्या मासळीने पकडलेल्या मासळीला मागे टाकले, ते याच वर्षी पहिल्यांदा. या उद्योगात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. आपल्या देशात 2022-23 साली जी सुमारे 175 लाख टन मासळी निघाली, तिच्यातली 131 लाख टन समुद्राबाहेरची होती. म्हणजे मासे पाळायचे की नाहीत, हा प्रश्न आता उरलेला नाही. ट्रॉलरांनी ओरबाडलेल्या समुद्राकडे पाहिले तर पाळलेल्या मासळीची गरज मान्य करावीच लागते, आणि मी ती मनापासून मान्य करतो.

आपल्याकडच्या मत्स्यशेतीचा पाया तर मोठा सालस आहे. ओडिशातल्या अंगुल इथे 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचे प्रजनन तळ्याच्या बंदिस्त पाण्यात घडवून आणले. तोवर रोहू, कटला, मृगळ यांचे जिरे पावसाळ्यात वाहत्या नदीतून गोळा करावे लागे, आणि त्यांत नको असलेल्या जातींची भेसळ ठरलेली असे. त्या प्रयोगानंतर शुद्ध बीज हाताशी आले; आजही 10 जुलै हा देशभर मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. हे तिन्ही मासे बहुतांशी शेवाळ, प्राणिप्लवंग आणि तळाचा कुजका पालापाचोळा यांवर वाढतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गावतळ्यात थोडे शेण टाकून वर्षाकाठी काही क्विंटल मासळी काढणाऱ्या माणसाने निसर्गाचे काही बिघडवले, असे मला वाटत नाही. ‘मत्स्यशेतीने पर्यावरणाची हानी होते’ हे सरसकट विधान म्हणूनच निरुपयोगी आहे. कोणता जीव, किती दाटीने, कोणत्या पाण्यात, कशावर पोसला आणि पाणी कुठे सोडले, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

दाटीपासूनच सुरुवात करू. आंध्रच्या किनाऱ्यावरचे एक हेक्टराचे कोळंबीचे तळे डोळ्यांसमोर आणा. बांधावर काळे प्लास्टिक अंथरलेले. वर पक्ष्यांसाठी दोऱ्या ताणलेल्या, कडेने खेकडे आत येऊ नयेत म्हणून गुडघाभर उंचीचे कुंपण. पाण्यात एरेटरची चाके फिरत असतात आणि पहाटे ती थांबून चालतच नाही, कारण पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी असतो. वीज गेली की डिझेलचे जनरेटर सुरू करायला माणसे धावतात. लाकडी फळकुटावर उभा असलेला कामगार खाद्य टाकल्यावर दोनेक तासांनी पाण्यातला चौकोनी ट्रे वर ओढतो. ट्रेमध्ये खाद्य उरले आहे का, आलेल्या कोळंबीच्या पाठीतली आतड्याची काळी रेघ सलग भरलेली आहे की मध्येच तुटली आहे, हे तो उजेडात धरून पाहतो. त्यावर पुढच्या खेपेचे माप ठरते. चौरस मीटरला चाळीस कोळंब्या धरल्या तरी या एका तळ्यात चार लाख जीव असतात. ही व्हेनामी कोळंबी मूळची अमेरिका खंडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आपल्याकडे तिला 2009 साली रीतसर परवानगी मिळाली. शंभर-सव्वाशे दिवसांत ती काढणीला येते.

आता हिशेब मांडू. सहा टन कोळंबी निघाली आणि किलोमागे दीड किलो खाद्य लागले, तर तळ्यात नऊ टन खाद्य पडले. या खाद्यात पस्तीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे नऊ टनांत सुमारे 500 किलो नत्र. कोळंबीच्या अंगी लागून बाहेर जाते ते जेमतेम 170 किलो. उरलेले 330 किलो विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि अमोनिया या रूपांत पाण्यात नि तळाच्या गाळात राहते. थोडे हवेत उडते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या सोळा गोण्यांइतके नत्र, एका हेक्टरात, एका हंगामात. काढणीच्या दिवशी दार उघडतात, तोंडाशी पिशवीसारखे जाळे बांधतात आणि पाणी खाली करतात. सुरुवातीचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असते. शेवटचा वीतभर थर मात्र काळपट येतो, आणि गाळ नि सेंद्रिय घाण यांचा मोठा हिस्सा त्यातच असतो. ते पाणी खाडीत जाते. शेजारचा तळेवाला त्याच खाडीवर पंप लावून बसलेला असतो.

ज्या रोगाने या धंद्याचे कंबरडे मोडले, तो या वाटेनेच फिरला. 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरची वाघी कोळंबीची तळीच्या तळी साफ केली. मरगळलेले तळे घाईने रिकामे केले की विषाणू खाडीत, आणि भरतीला पंप सुरू केला की पुढच्या तळ्यात. घाण सोडणारा आणि घाण उपसणारा एकच. पर्यावरणाची हानी ही उद्योगाला बाहेरून चिकटवलेली तक्रार आहे, असे मानणाऱ्यांनी त्या दोन वर्षांचा अभ्यास करावा.

पण कोळंबीवाल्याला निदान तोटा सोसून पुन्हा उभे राहण्याचा पर्याय होता. शेजारच्या भातशेतकऱ्याला आणि भूमिहीन मजुराला तो नव्हता. तमिळनाडूत नागपट्टिणमच्या परिसरात नव्वदीच्या सुरुवातीला भाताची खाचरे भराभर विकली जाऊन त्यांची खाऱ्या पाण्याची तळी झाली. तळ्यातल्या पाण्याची पातळी शेजारच्या शेतापेक्षा उंच. मीठ बांधातून झिरपत राहिले. विहिरी मचूळ झाल्या. पाणी आणायला बायकांना लांब जावे लागू लागले. भातात लावणीला, काढणीला जितके हात लागतात त्याच्या तुलनेत तळ्याला राखण करणारे चार-दोन गडी पुरतात, म्हणून मजुरीही गेली. या लोकांच्या बाजूने उभे राहिले एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माळ जगन्नाथन हे गांधीवादी दांपत्य. विनोबांच्या भूदानयात्रेत जगन्नाथन चालले होते. त्यामुळे जमीन म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सत्याग्रह झाले, अटका झाल्या, आणि जगन्नाथन यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली.

या खटल्यात महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. न्यायालयाने किनाऱ्यावरच्या तळ्यांची पाहणी करायला नागपूरच्या ‘नीरी’ला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला सांगितले. संस्थेच्या अहवालाने जे मांडले ते आजही वाचण्यासारखे आहे. शेतजमीन, पिण्याचे पाणी, कांदळवन, मासेमारी, रोजगार या सगळ्यांच्या नुकसानीची किंमत रुपयांत धरली, तर ती आंध्र प्रदेशात कोळंबीच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे चौपट आणि तमिळनाडूत दीडपट भरत होती. अशा गणितात गृहीतके असतात आणि त्यांच्यावर वाद होऊ शकतो, तो झालाही. तरी या देशात मत्स्यशेतीच्या ताळेबंदात दुसरी बाजू लिहिली गेली ती तिथे, ही गोष्ट राहतेच.

11 डिसेंबर 1996 रोजी न्या. कुलदीप सिंग आणि न्या. एस. सगीर अहमद यांनी निकाल दिला. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार किनाऱ्यालगतच्या पाचशे मीटरच्या पट्ट्यात कोळंबीची औद्योगिक तळी बसत नाहीत. पारंपरिक पद्धतीची आणि तिच्यात सुधारणा केलेली सोडून बाकीची 31 मार्च 1997 पर्यंत पाडावीत. चिल्का आणि पुलिकत या सरोवरांपासून हजार मीटरच्या आत नवी तळी नकोत. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी. इतका स्पष्ट निकाल क्वचित मिळतो. त्याचे पुढे जे झाले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत दुखरे पान वाटते. फेरविचार याचिका आल्या, अंमलबजावणी रखडली, आणि 2005 साली संसदेने किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा केला. किनारा नियमनाच्या बंधनातून ही शेती 1991 पासूनच मुक्त होती, असे त्या कायद्याने मागे जाऊन ठरवले. पाचशे मीटरची रेघ नव्या तळ्यांसाठी भरतीरेषेपासून दोनशे मीटरवर आली.

कायदा आला म्हणजे सगळे वाईटच झाले, असे नाही. नोंदणी आली, प्रतिजैविकांवर बंदी आली, बाहेरून येणाऱ्या पैदाशीच्या कोळंबीला चेन्नईत विलगीकरण आले. सांडपाणी शुद्ध करण्याची सोय मात्र मार्गदर्शक तत्त्वांनी पाच हेक्टर आणि त्याहून मोठ्या फार्मांनाच बंधनकारक केली. आपले बहुतेक कोळंबी शेतकरी हेक्टर-दोन हेक्टरवाले आहेत. एकेका तळ्याचे पाणी वेगवेगळे तपासले तर कुणीच फारसा दोषी ठरत नाही, पण अशी शेकडो तळी एकाच खाडीत पाणी सोडतात. या पुस्तकाचा सारा भर या विसंगतीवर आहे. परवाना तळ्याला मिळतो आणि भार खाडी वाहते. खाडीचा हिशेब कुणाच्याच टेबलावर नसतो.

कोळंबी परदेशी जाते, डॉलर आणते, म्हणून तिच्यावर डोळा असतो. देशी कार्प निर्दोष, असा समज होऊ नये यासाठी कोल्लेरूचे प्रकरण मुद्दाम सविस्तर घेतले आहे. कृष्णा आणि गोदावरी यांच्या त्रिभुज प्रदेशांच्या मधोमध पसरलेले हे गोड्या पाण्याचे उथळ सरोवर. आपल्या नाशिकला उगम पावणारी गोदावरी आणि महाबळेश्वरची कृष्णा समुद्राला मिळण्याआधी ज्या सखल भूमीला घडवतात, तिथलेच. पावसाळ्यात ते फुगते, पुराचे पाणी पोटात घेते आणि उप्पुटेरू नावाच्या एकाच वाटेने बंगालच्या उपसागरात सोडते. सरोवराच्या पात्रातच बांध घालून रोहू-कटल्याची तळी झाली. सुरुवातीला ती मच्छीमारांच्या सहकारी संस्थांच्या नावावर होती, पुढे पैसेवाल्यांच्या हातात गेली. मासा तोच, अंगुलचा सालस मासा. पण बांधांनी पाण्याची वाट अडली, पुराचे पाणी गावांत तुंबू लागले, कोंबड्यांची विष्ठा आणि खते यांनी पाणी गढुळले, झोळीवाले पाणकोळी आटले. 1999 साली समुद्रसपाटीपासून पाच फुटांच्या समपातळी रेषेपर्यंतचे सुमारे 308 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य जाहीर झाले, 2002 मध्ये ते रामसर यादीत गेले, आणि 2005-06 मध्ये सरकारने यंत्रे आणि सुरुंग लावून बांध फोडले. त्या मोहिमेत काठावरच्या गरीब मच्छीमारांच्या हातचेही गेले, हे विसरता येत नाही. नंतर कित्येक बांध पुन्हा उभे राहिले. हद्द पाचावरून तीन फुटांवर आणा, ही मागणी त्यानंतर सतत होत राहिली.

महाराष्ट्राच्या वाट्याला वेगळाच प्रश्न आला, तो पळून जाणाऱ्या जीवांचा. चिलापी, म्हणजे तिलापिया, भारतात 1952 साली आणली गेली. 1959 मध्येच तज्ज्ञांच्या समितीने तिचा प्रसार नको असे सांगितले होते, पण तोवर ती तळ्यांत मावेनाशी झाली होती. पिल्ले तोंडात सांभाळणारा, वर्षातून अनेकदा वीण घालणारा हा मासा. आज उजनीच्या काठावर कुणालाही विचारा, जाळ्यात काय येते. उत्तर चिलापी हेच. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. ते पाणी देशी माशांना सोसत नाही, चिलापीला सोसते. तेव्हा देशी मासे हटले ते चिलापीमुळे की घाणीमुळे, असा वाद घालण्यात हशील नाही. दोघांनी एकमेकांना हात दिला. आफ्रिकी मांगूर त्याहून पुढचा. हवेतला प्राणवायू घेणारा, ओल्या जमिनीवरून सरपटत पलीकडच्या पाण्यात जाणारा, आणि मिळेल ते खाणारा. कत्तलखान्याचे आणि कोंबडीच्या दुकानांचे टाकाऊ टाकून त्याला पोसायचे, तळ्याची दुर्गंधी गावभर. बंदी असूनही भिवंडीपासून इंदापूरपर्यंत तो पोसला जात होता, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर मत्स्यव्यवसाय विभागाला ती तळी शोधून साठा नष्ट करावा लागला. तळ्यातला साठा नष्ट करता येतो. एका पुरात नदीत गेलेला साठा परत बोलावता येत नाही.

खाद्याचा प्रश्नही वरवर दिसतो त्यापेक्षा लांबवर जातो. कोळंबीच्या खाद्यात सोयापेंड असते, तशीच मासळीची पूडही असते. पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीकसारीक, बाजारात न खपणारी मासळी आणि पुष्कळशी तारली या पुडीच्या कारखान्यांत जाते. त्या ढिगात पापलेटाची, बांगड्याची, सुरमईची पिल्ले असतात. तळ्यातला मासा समुद्रावरचा भार हलका करतो, हा दावा तपासायचा तर कोकणातल्या एखाद्या बंदरावर संध्याकाळी ट्रकमध्ये काय भरले जाते ते पाहावे.

गोव्याच्या खाजणांवर मी सर्वांत जास्त पाने खर्च केली, आणि त्याचे समर्थन करायची मला गरज वाटत नाही. खाडीकाठी मातीचा बांध, बांधात मानस. मानस म्हणजे पाण्याचे दार: लाकडी झडपा वरून टांगलेल्या. भरतीचे पाणी त्यांना बाहेरून दाबून आपोआप बंद करते, ओहोटीला आतले पाणी ढकलून उघडते. ओहोटीच्या वेळी तोंडाशी जाळे लावले की कोळंबी, काळुंद्रे, शेवटे हाती येतात. पावसाळ्यात आत खारट जमीन सोसणारे कोरगुट भात, पिकानंतर पाणी आणि मासळी. खाद्य नाही, औषध नाही. शतकानुशतके ही मत्स्यशेती चालली, कारण दाराची किल्ली गावकारीच्या, म्हणजे गावसंस्थेच्या, हातात होती आणि भाताचे हित आधी पाहिले जाई. पुढे मानशीच्या मासळीचा लिलाव मोठ्या रकमांना जाऊ लागला. ठेकेदाराला जितके पाणी आत येईल तितकी मासळी. तो दार उघडे ठेवू लागला. जोराच्या प्रवाहाने बांध खचले, शेते खारी झाली, भात सुटले, आणि पडीक खाचरांत कांदळवन उगवले. मासा, पाणी, बांध, दार, काहीही बदलले नव्हते. दार कुणाच्या हिताने उघडायचे, एवढेच बदलले होते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण कोलकात्याच्या पूर्वेला आहे. शहराचे मैलापाणी तिथल्या भेरींत, म्हणजे उथळ तळ्यांत, सोडतात. ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात, मासे शेवाळ खातात, बाहेर पडणारे पाणी भाजी-भाताला जाते. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने हे ज्ञान त्या मच्छीमारांकडून शिकून जगापुढे मांडले आणि साडेबारा हजार हेक्टरांचा तो प्रदेश वाचवण्यासाठी आयुष्य वेचले. इथे आत येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणारे पाणी स्वच्छ असते. मत्स्यशेती पाण्याचे ऋण फेडू शकते, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. आपल्या सिंधुदुर्गातल्या खाड्यांत बचतगटांच्या महिला कालवे वाढवतात, तेही याच जातकुळीचे: कालव पाणी गाळून पोट भरते, त्याला कुणी खाद्य टाकत नाही.

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत शेतकऱ्याला मिळते ते मत्स्यशेतकऱ्याला मिळेल. त्याचा हक्क होताच. तळी वाढतील, धरणांतले पिंजरे वाढतील, पालघर-रायगडच्या खाडीकाठी व्हेनामीची मागणी वाढेल. म्हणूनच या घडीला खाडीनिहाय आणि धरणनिहाय मर्यादा आधी ठरवाव्यात, आणि परवाने त्या मर्यादेत वाटावेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. अर्जासोबत पाणी सोडण्याच्या जागेचा नकाशा हवा, आणि त्या जागेच्या खालच्या अंगाला असलेल्या गावाच्या ग्रामसभेचे म्हणणे हवे. शेवटच्या प्रकरणात यासाठीचा मसुदा दिला आहे. नॉर्वे आणि चिलीच्या समुद्री पिंजऱ्यांतल्या सामन माशावर जगभर मुबलक लिहिले गेले आहे, तेव्हा त्यावर इथे मोजकीच पाने आहेत. वाचकाने प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचावीत; तळे काढण्याच्या विचारात असलेल्याने मात्र नागपट्टिणमचे आधी वाचावे आणि मग शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी चाखून यावे.